घरची कालवड

लोणी, काष्टी किंवा घोडेगावच्या बाजारात गाय घ्यायला गेलेला माणूस आधी कास बघतो, मग चारही सड पिळून बघतो, दात मोजतो, दोन पावले चालवून बघतो. विकणारा वेत सांगतो, दुधाचा आकडा सांगतो आणि घेणारा त्यातून मनातल्या मनात दोन-चार लिटर वजा करतो. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि विचारला तरी बाजारात त्याचे उत्तर मिळत नाही. ही गाय जन्मली त्या रात्री तिला चीक किती वाजता पाजला होता?

चौकशी फाजील वाटेल, पण गायीच्या पुढच्या आयुष्याचा मोठा हिस्सा त्या उत्तरात असतो. घरच्या गोठ्यात जन्मलेल्या कालवडीचा फायदा हाच, की हे उत्तर आपल्याजवळ असते. ते चांगले असावे, एवढेच आपल्याला करायचे असते.

माणसाचे बाळ आईच्या पोटात असतानाच रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये आईच्या रक्तातून घेते. गायी-म्हशींच्या वारेची रचना वेगळी आहे. आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये इतके पदर असतात, की प्रतिद्रव्यांचे मोठे रेणू पलीकडे जातच नाहीत. त्यामुळे वासरू जमिनीवर पडते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक असे जवळजवळ काहीच नसते. ती सगळी शिदोरी गायीने चिकात साठवलेली असते. नवजात वासराच्या आतड्यात पहिले काही तास एक विलक्षण सोय असते. प्रतिद्रव्यांचे रेणू न पचता, जसेच्या तसे आतड्यातून रक्तात उतरतात. ही क्षमता जन्मानंतर तासातासाने कमी होत जाते आणि चोवीस तासांनी जवळजवळ संपते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो फक्त अन्न म्हणून पचतो.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. ज्या वाटेने प्रतिद्रव्ये आत जातात त्याच वाटेने रोगजंतूही जाऊ शकतात. उठता-पडता धडपडणारे वासरू शेणाने भरलेला सड, गायीचे मागचे पाय, भिंत, जे तोंडाला लागेल ते चाटते. आतड्यात आधी चीक पोचतो की आधी शेण, ही शर्यत आहे. म्हणून व्यायच्या आधी कास धुऊन पुसून घ्यायची आणि वासरू उभे राहण्याची वाट न बघता पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात जाईल हे बघायचे. साधारण ३० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दोन-अडीच लिटर आणि बारा तासांच्या आत पुन्हा तेवढाच, हा हिशेब धरावा. वासराला सोडून दिले, ते लुचताना दिसले, म्हणजे प्यायले असेल, असे धरू नये. बाटलीने पाजले की किती प्यायले ते कळते.

इथे आपल्याकडची एक पक्की समजूत आडवी येते: वार पडल्याशिवाय धार काढायची नाही. वार पडायला काही तास लागतात, कधी बारा तासही. तोवर वासराच्या आतड्याची क्षमता बरीचशी गेलेली असते. खरे तर वासरू लुचू लागले की गायीच्या शरीरात जे संप्रेरक सुटते त्यानेच ती पान्हावते, आणि त्यानेच गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे चीक पाजल्याने वार अडत नाही, उलट सुटायला मदतच होते. ज्येष्ठ माणसांशी यावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. एकदा गाय व्याल्याबरोबर पाजून दाखवावे, वार पडल्यावर ते आपोआप ऐकतात.

आणि खरवस. पहिल्या धारेचा चीक सर्वांत दाट, म्हणून खरवसही त्याचाच चांगला होतो, आणि म्हणून शेजारीपाजारी वाटायलाही तोच जातो. चीक उकडल्यावर इतका घट्ट बसतो, त्यात या प्रतिद्रव्यांचा मोठा हात असतो. आपण चवीने खातो ते वासराचे संरक्षण असते. खरवसाला कुणाची ना नाही, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा करावा, आणि पहिल्या दिवसाचा केलाच तर वासराचे पोट भरल्यावर उरलेल्याचा. खरवसावरून आणखी एक गोष्ट ध्यानात यावी. उष्णतेने ही द्रव्ये बिघडतात. गार झालेला चीक वासरासाठी चुलीवर किंवा गॅसवर ठेवू नये. बाटली गरम पाण्यात उभी करून अंगाइतका, म्हणजे ३८-३९ अंशांपर्यंत कोमट करावा. ६० अंशांच्या पुढे गेला की त्यातला कस गेला.

चीक दाट दिसला म्हणजे चांगला असेलच असे नाही. तो मोजण्याचे यंत्र महाराष्ट्रात हजारो घरांत आधीच आहे, फक्त गोठ्यात कुणी आणत नाही. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार मण्याची गोडी बघायला ज्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकतो, त्याच काचेवर चिकाचा थेंब टाकायचा. झाकण लावून उजेडाकडे बघायचे आणि निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेघ कुठल्या आकड्यावर आहे ते वाचायचे. ब्रिक्स २२ किंवा जास्त असेल तर चीक उत्तम. अठराच्या खाली असेल तर पहिल्या पाजण्याला दुसऱ्या गायीचा चीक शोधावा. पहिलारू कालवडीचा चीक बहुधा कमी पडतो, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गायीचा चांगला असतो. अशा गायीचा जादा चीक लिटरभराच्या स्वच्छ बाटल्यांत भरून, तारीख लिहून डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर एखाद्या अवघड रात्री एक वासरू वाचते.

चिकाबरोबरच नाळ. शरीरापासून दोन-तीन इंच अंतर ठेवून स्वच्छ दोऱ्याने बांधायची, खाली कापायची आणि टिंक्चर आयोडीनच्या छोट्या वाटीत अख्खी बुडवायची. वरवर बोळा फिरवून भागत नाही. दोन-तीन दिवस पुन्हा तेच. ओली नाळ जंतूंना थेट पोटात जायला रस्ता देते. महिन्याभरात वासराचे गुडघे सुजतात, ते लंगडते, आणि आपण मार लागला असेल म्हणून हळद लावत बसतो. तो मार नसतो, नाळेतून गेलेला जंतू सांध्यात बसलेला असतो.

आता खरा तंटा. दुधाचा.

आपल्या गोठ्यात वासराची स्पर्धा संकलन केंद्रावर जाणाऱ्या कॅनशी असते, आणि वासरू ती रोज दोन वेळा हरते. पान्हा सुटेपर्यंत त्याला लुचू द्यायचे, मग ओढून खुंट्याला बांधायचे, शेवटी एखाद्या सडात उरेल ते त्याचे. वसुबारसेला पूजा गाय-वासराची होते, उरलेले वर्ष आंबोण फक्त गायीला. यामागे कंजूषपणापेक्षा चुकीचा हिशेब जास्त आहे. दूध रोज विकले जाते आणि दहा दिवसांनी पैसे हातात येतात, कालवडीचा परतावा दोन वर्षांनी दिसतो. तो हिशेब एकदा कागदावर मांडू.

वासराला दोन महिने रोज ५ लिटर दूध पाजले तर ३०० लिटर होते. दर ३० रुपये धरला तर ९,००० रुपये. आता दुसरी बाजू. संकरित कालवड भरवायला वयापेक्षा वजन लागते. पूर्ण वाढलेल्या गायीच्या वजनाच्या साधारण साठ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या संकरित होल्स्टीनला २५० ते २७० किलो. जन्मवजन ३० आणि भरवण्याचे वजन २६० धरले तर मधे २३० किलो कमवायचे आहेत. रोज अर्धा किलो वाढ झाली तर ४६० दिवस लागतात, रोज ३०० ग्रॅम झाली तर ७६७. त्यात गाभणकाळाचे २८० दिवस मिळवा. पहिली कालवड दोन वर्षांच्या आसपास व्याते, दुसरी तीन वर्षांना टेकते. हे मधले ३०० दिवस दुसरी कालवड चारा, खुराक, औषध खात उभी असते आणि दूध शून्य. दिवसाचा खर्च नुसता १०० रुपये धरला तरी ३०,००० झाले. पहिले दोन महिने वाचवलेले नऊ हजार इथे तिपटीहून जास्त होऊन जातात. लवकर वेत सुरू झाले असते तर जे दूध मिळाले असते, ते वेगळेच.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दूध तुटेपर्यंतची रोजची वजनवाढ आणि पहिल्या वेतातले दूध यांची सांगड तपासली. लहानपणी जास्त वाढलेल्या कालवडींनी पहिल्या वेतात जास्त दूध दिले. तिकडच्या होल्स्टीनचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. दोन महिन्यांत वासराचे जन्मवजन दुप्पट व्हावे, एवढे लक्ष्य ठेवले तरी पुष्कळ.

दूध पाजले म्हणजे सगळे झाले असे नाही, कारण वासराला कधीतरी चारा खाणारे जनावर व्हायचे आहे. जन्मतः त्याचे चौथे, म्हणजे खरे पोटच काम करत असते. वासरू मान वर करून चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ आपोआप मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जाते. कोटीपोट तेव्हा लहानसे, गुळगुळीत, झोपलेले असते. ते दुधाने जागे होत नाही, नुसत्या चाऱ्यानेही नीट होत नाही. धान्याचा भरडा त्यात आंबतो, त्यातून काही आम्ले तयार होतात आणि त्या आम्लांनी कोटीपोटाच्या आतल्या बाजूला बोटासारखे बारीक उंचवटे वाढतात. पुढे आयुष्यभर चाऱ्यातले पोषण शोषून घ्यायचे काम त्यांचे. म्हणून पहिल्याच आठवड्यात काफ स्टार्टरची ओळख करून द्यायची. दूध पिऊन झाल्यावर वासरू काहीतरी चोखायला तोंड हलवत असते, त्याच वेळी चिमूटभर स्टार्टर ओठांना लावावे आणि थोडे भांड्यात ठेवावे. दुसऱ्या दिवशी उरलेले काढून गायीला टाकावे, कारण शिळे, ओले झालेले वासरू खात नाही. घरी करायचे तर मक्याचा भरडा, सोयाबीन पेंड, गव्हाचा कोंडा, मिनरल मिक्श्चर आणि मीठ. सरकी पेंड मोठ्या जनावराला चालते, पण तिच्यातले गॉसिपॉल लहान वासराला बाधते. ती यात नको.

आणि पाणी. वासरू दूध पिते म्हणजे पाणी मिळतेच, हा समज बऱ्याच चांगल्या गोठ्यांतही आढळतो. वर सांगितलेली पन्हळ दुधाला चौथ्या पोटात नेते. भांड्यातले पाणी मात्र कोटीपोटात जाते. भरडा आंबवणाऱ्या जंतूंना ते पाणी लागते. पाण्याशिवाय स्टार्टर खाणे वाढत नाही, आणि स्टार्टर वाढले नाही तर दूध तोडता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून स्वच्छ पाण्याचे भांडे समोर असावे. दूध तोडायचा दिवस कॅलेंडर बघून ठरवू नये. सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर संपवायला लागले की ते वासरू तयार आहे. त्यानंतरही एकदम बंद न करता आठवडाभरात कमी करत आणावे.

पहिल्या महिन्यात वासरे मरतात ती बहुतेक हगवणीने. पहिल्या आठवड्यात ई. कोलाय, पुढे रोटा विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम, तीन आठवड्यांनंतर रक्त पडत असेल तर कॉक्सिडिया, अशी कारणे वेगवेगळी. पण जीव जातो तो बहुतेक वेळा पाणी आणि क्षार निघून गेल्याने. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली तर ठीक, दोन सेकंदांहून जास्त वेळ उभी राहिली तर वासरू सुकत चालले आहे. डोळे खोल गेलेले, तोंड गार आणि चोखायला तयार नाही, ही अवस्था आली तर डॉक्टरांना बोलावून शिरेतून सलाईन लावण्यावाचून उपाय नाही. त्याच्या आधी जनावरांसाठीची क्षारांची पावडर कोमट पाण्यातून दिवसातून दोन-तीनदा पाजावी. दूध बंद करू नये. 'पोटाला विश्रांती' म्हणून दूध तोडल्याने हगवणीतले वासरू उपासमारीने आणखी खचते. दूध आणि क्षारपाणी यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवले की झाले.

म्हशीच्या रेडकांची गोष्ट जरा निराळी. त्यांच्यात मर जास्त, आणि तिच्यामागे एक मोठा गोल जंत असतो. म्हशीच्या शरीरात लपलेल्या त्याच्या अळ्या व्याल्यावर दुधातून रेडकाच्या पोटात येतात. म्हणजे गोठा कितीही झाडला तरी रेडकाला तो आईकडूनच मिळतो. तीन-चार आठवड्यांत हे जंत वीतभर वाढून आतड्यात गुंता करतात. चिखलाच्या रंगाची, घाण वासाची हगवण, फुगलेले पोट आणि राठ केस दिसू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पहिले जंतनाशक दहाव्या ते चौदाव्या दिवशी, हगवण नसतानाच, डॉक्टरांनी वजनावर सांगितलेल्या मात्रेत द्यायचे आणि पुढे सहा महिने दर महिन्याला. माती चाटणाऱ्या रेडकाला मुसके बांधून प्रश्न सुटत नाही. त्याच्या पोटात जंत आहेत किंवा अंगात क्षारांची कमतरता आहे, हे त्याने सांगितलेले असते.

जागेची परीक्षा घ्यायला कुठल्याही यंत्राची गरज नाही. वासराच्या जागेत जाऊन पॅन्ट किंवा धोतर घोट्यापर्यंत सोडून गुडघ्यावर बसा. वीस सेकंद थांबा. उठल्यावर गुडघा ओला असेल तर तिथे वासरू रात्रभर ओल्यात झोपते. तसेच बसून श्वास घ्या. उभ्या माणसाला न येणारा मुताचा झोंबरा वास तिथे डोळ्यांत पाणी आणत असेल तर तोच वासराच्या फुप्फुसात जातोय. उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, जे स्वस्तात मिळेल ते जाड अंथरावे आणि ओले झाले की बदलावे. हिवाळ्यात हे औषधापेक्षा मोठे काम करते.

दूध तुटले की कालवड सगळ्यांच्या नजरेआड जाते. हगवणीचा धोका टळलेला, दूध अजून दोन वर्षे लांब. मग ती गोठ्याच्या कडेला जाते, मोठ्या जनावरांनी टाकलेले उष्टे चिपाड तिच्या गव्हाणीत येते. पण तिसऱ्या ते नवव्या-दहाव्या महिन्यात तिच्या कासेतल्या दूधग्रंथी शरीराच्या इतर भागांपेक्षा वेगाने वाढत असतात. या काळात प्रथिने कमी पडली तर सांगाडा खुजा राहतो. उलट नुसता मका घालून तिला गुबगुबीत केले तर कासेत चरबी बसते. दोन्ही टाळायचे तर वजन ठाऊक हवे, आणि काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत घ्या. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, ६६० ने भागा. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर साधारण २७३ किलो. अंदाजच आहे, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरा. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला मोजून वहीत लिहिले तर कुठली कालवड मागे पडतेय ते लगेच दिसते.

याच वयात लशी. लाळ्या-खुरकूत चौथ्या महिन्यापासून, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्यापूर्वी. एक लस मात्र चुकवू नये अशी, कारण तिची संधी एकदाच येते: सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची. ती फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदा. २०१९ पासून लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला या दोन्ही रोगांसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. ब्रुसेला माणसालाही होतो. कच्च्या दुधातून, आणि गाभडलेल्या गायीची वार हाताने काढताना. संकरित कालवडीच्या कानामागे आणि कासेजवळ गोचीड वेचायला कंटाळू नये, गोचीड ताप तिथूनच सुरू होतो.

जुळ्यांबद्दल एक ध्यानात ठेवा. कालवड खोंडाबरोबर जुळी जन्मली असेल तर ती बहुतेक वांझ निघते, कारण गर्भात असताना दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि नराच्या संप्रेरकांमुळे तिचे गर्भाशय नीट घडत नाही. बाजारात फार देखणी आणि फार स्वस्त कालवड दिसली तर ती खोंडाबरोबर जुळी जन्मली होती का, हे जरूर विचारा.

वजन झाले, माज नियमित दिसू लागला, की भरवण्याचा निर्णय. कालवडीला लिंगनिर्धारित वीर्य वापरावे, असे माझे मत आहे. त्यात मादी वासराची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. गाभण राहण्याचे प्रमाण नेहमीच्या वीर्यापेक्षा थोडे कमी, पण कालवडींत मुळातच गर्भधारणा चांगली होते. शिवाय मादी वासरू आकाराने लहान, त्यामुळे पहिल्या खेपेला अडण्याची भीती कमी. दुसरे कारण उघड बोलले जात नाही. संकरित खोंडाला शेतात काम नाही, आणि बैल-खोंडांच्या कत्तलीवर बंदी घालणाऱ्या राज्याच्या २०१५ च्या कायद्यानंतर त्याला विकायची वाटही नाही. मग कित्येक गोठ्यांत त्याला चीकही मिळत नाही, आणि तो आपोआप मरेल याची वाट बघितली जाते. ते बघत बसण्यापेक्षा तो जन्मालाच न येण्याची व्यवस्था करणे जास्त माणुसकीचे आहे.

शेवटच्या दोन महिन्यांत गाभण कालवडीला दुधाच्या गायींबरोबर ठेवा, धारेच्या वेळी शेजारी बांधा, कासेवरून हात फिरवत जा. व्याल्यावर पहिल्या धारेला लाथ मारणार नाही. ती अजून वाढतच असते, म्हणून पहिल्या वेतात तिचा खुराक दुधाच्या मापापेक्षा थोडा जास्त ठेवा.

तुमच्या गोठ्यात येत्या आठ-पंधरा दिवसांत एखादी व्यायची असेल, तर टिंक्चर आयोडीन, चोखणीची बाटली आणि क्षारांची पावडर आजच आणून ठेवा. गायी रात्रीही व्यातात, आणि तेव्हा तालुक्याचे मेडिकल बंद असते.